गवताच्या रंगाचा घोडा

या त्रिंबकआण्णा, बसा. त्या पोत्यावर नका, त्यात सरकी हाय. हितं खाटेवर टेका. चहा सांगितलाय. आज तुमाला नाथाची अन् बजरंगाची गोष्ट सांगणार हाय मी. तुमी म्हणाल, मेंढरं माजी गेलती, मलाच काय सांगतोस? खरंय तुमचं. पर तुमच्याजवळ ती आर्धीच हाय. उरलेली आर्धी नाथानं माज्याजवळ बोलून दाखवली, अन् उद्याची एस्टी यायच्या आत ती तुमच्या कानावर घालायलाच पाहिजे. तवा मोबाईल खिशात घाला अन् मधी उठू नका.

नाथा म्हंजे आपल्या पालीच्या मेंढरंवाल्या आप्पारावचा धाकटा. आता बीडात ऱ्हातो. सुभाष रोडच्या मागल्या गल्लीत खाली झेरॉक्सचं दुकान हाय अन् वर ह्याची खोली. आधी वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा. कुणाचे गाल गुलाबी कर, कुणाला काळ्याचा गोरा कर, त्यात हात बसला. मंग पुण्याच्या एका पुस्तकवाल्याकडून काम आलं. जालिंदर शिलेदाराची जुनी चित्रकथा. आपल्या बापाच्या वक्ताला ती एका साप्ताहिकात यायची, निव्वळ काळ्या शाईची, रंगाचा ठिपका न्हाई. जालिंदर अन् त्याचा घोडा वावटळ. डोंगर, भुयारं, मगरी, दोराचे पूल अन् कायम मागं लागलेले पेंढारी. पुण्याच्या लोकांचं म्हणणं, आजकालची पोरं बिनरंगाचं पान उघडीतच न्हाईत, तवा समदं रंगीत करून नवं काढायचं. कंच्या वस्तूला कंचा रंग, ते चित्र काढणाराच्या घरच्यांना इचारून ठरवलेलं हुतं. फेटा केशरी, शेला निळा, घोडा तांबूस. नाथानं नुसतं भरायचं. ती पानं पहिल्यांदा कंप्युटरवर उघडली तवा काय झालं, ते त्यानं बायकोला, योगिताला बी सांगितलं न्हाई. त्याच्या नाकात एकदम ओल्या लोकरीचा वास आला. खोलीत पंखा फिरत हुता, खालून झेरॉक्सच्या शाईचा वास येत हुता, अन् मधीच ही ओली लोकर, पावसात भिजून उन्हाला बसलेल्या मेंढराची. कारण त्यांच्या घरात जन्मभर एकच पुस्तक हुतं अन् ते हेच हुतं. त्याला लई आनंद झालता. आपलं पुस्तक आपल्याच हाताला आलं, आसं वाटलं त्याला. म्हैनाभर मान वर न करता त्यानं रंग भरला.

अन् एका दुपारी, काम संपत आलं तवा, पुण्याच्या मोहिनी मॅडमचा फोन आला. ह्या पुस्तकाचं समदं त्याच बघतेत. "नाथाभाऊ, सुंदर झालंय सगळं. एकच राहिलं. काही लोकांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. त्यांना चित्र कळतंय का, तेवढं तपासून घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच सोय असते." नाथा जेवत हुता. म्हणला, "आसं बी आसतं का मॅडम?" "पुष्कळ पुरुषांना असतं, जन्मापासूनच. बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं." नाथानं डाव्या हातानं ते बटण शोधलं, उजवा कालवणात हुता म्हणून. समोर पान हुतं गवताचं. वर टेकाडावर पेंढारी, कपाळावर आडवा हात धरून खाली बघायलेत. खाली कमरेइतकं गवत, त्यात वावटळ घोडा अंग चोरून बसलाय अन् जालिंदर त्याच्या नाकपुड्यांवर तळवा दाबून त्याला बिलगलाय. त्या एका पानात नाथानं लई जीव घातलता. गवत पावसाळ्यातलं, हिरवंगार. घोडा तांबूस, घामानं चमकणारा. बटण दाबलं अन् घोडा गेला. गेला म्हंजे रेघा हुत्या. कान हुता, डोळा हुता, लगाम हुता. अंग नव्हतं. अंग गवतात मुरून गेलतं, ढेकळात पाणी मुरावं तसं. गवत बी हिरवं उरलं न्हाई अन् घोडा बी तांबूस उरला न्हाई, दोघांचा मिळून एकच मातकट, शिळ्या वरणासारखा रंग. नाथानं पुन्हा दाबलं, घोडा आला. दाबलं, गेला. आला. गेला. बोटावरलं कालवण वाळून कडक झालं तरी त्याचा डावा हात थांबंना. अन् त्या खोलीत, पंख्याच्या आवाजात, त्याला थोरल्या भावाचा, बजरंगाचा, मिसरूड फुटायच्या वयातला आवाज आला: ह्यो घोडा गवताच्या रंगाचा हाय, येड्या. म्हणून तर गावत न्हाई दुश्मनाला.

ते पुस्तक त्यांच्या घरी कसं आलं, तर लोकर न्यायला येणारा बेपारी गठ्ठ्याखाली घालायला रद्दी आणायचा, त्यातलं राहून गेलं. वरचं पुठ्ठं न्हाई, शेवटची पानं न्हाईत. बजरंग शाळेत नावापुरता गेलता, मंग आप्पारावनं त्याच्या हातात मेंढरांची काठी दिली. त्याला अक्षर लागत नव्हतं. नाथा शाळेत जायचा, त्याला वाचता यायचं, तरी गोष्ट सांगायची बजरंगानंच. सुट्टीच्या दिवशी दोघं मेंढरं घेऊन बिंदुसरेच्या धरणाकडच्या माळावर जायचे. दुपारच्या वक्ताला मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हायली की हे दोघं एका घोंगडीवर पालथे पडायचे, हनुवटीखाली हात, मधी पुस्तक. चित्रावर बोट ठेवून बजरंग सांगत जायचा अन् नाथा मधी मधी इचारायचा. "दादा, ह्यो शेला कंच्या रंगाचा?" बजरंग जरा वेळ लावायचा, लांबून काही आठवून आणावं तसा. "निळा." "अन् फेटा?" "आसल कसला तरी झकपक." "अन् घोडा?" "घोडा गवताच्या रंगाचा. हिरवा." नाथा लोळून लोळून हसला हुता त्या दिवशी. "हिरवा घोडा आसतो व्हय?" "तू कुठं बघितलेत घोडे? राधाकिशन टांगेवाल्याचा बघ जाऊन. हिरवाच हाय." आता राधाकिशनचा घोडा साऱ्या बीडानं बघितलेला, भाजलेल्या विटेसारखा तांबडा. नाथानं ते शाळेत सांगितलं. सांगताना बजरंगाची नक्कल बी केली. झालं. दुसऱ्या दिवशीपासनं पालीतली पोरं बजरंगाला हिरवा घोडा म्हणायला लागली. मेंढरं घेऊन निघाला की मागून, "ए हिरव्या घोड्या, फुरफुर कर की!" बजरंग पहिल्यांदा हसायचा. मंग हसायचा बंद झाला. पुढं पुढं कुणी त्याच्याजवळ रंगाचं नाव काढलं की त्याला वाटायचं, चिडवायलाच आला ह्यो. डोक्यात टपली बसायची समोरच्याच्या. नाथाच्या डोक्यात लई बसल्या.

खुर्चीत बसल्या बसल्या नाथाला एकेक आठवायला लागलं, अन् प्रत्येक आठवण आता वेगळीच दिसायला लागली. बोरीखाली बजरंग प्रत्येक बोर दोन बोटांत दाबून बघायचा, मंगच तोडायचा. नाथा म्हणायचा, दादा, तांबडं झालंय की, दाबतोस कावून? बजरंग नुसता दाबत ऱ्हायचा. एकदा कोकराच्या पायात काच घुसली, गवतावर रगताची धार लागलती, अन् बजरंग त्याच धारेवरून चालत पुढं गेला, कोकरू मागं बसून वरडत ऱ्हायलं. आप्पाराव तवा म्हणला हुता, "डोळे फुटले का रे तुजे?" बजरंग कोकराजवळ गुडघ्यावर बसला, पायाला हात लावला, बोटं वास घेऊन बघितली, अन् मंग म्हणला, "रगत हाय." वास घेऊन. नाथा तवा दहा पावलांवर उभा हुता अन् त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्याला वाटलं हुतं समद्यांना जसं दिसतं तसंच समद्यांना दिसतं. दुसऱ्याच्या डोळ्यात काय हाय, हे कोण बघायला जातंय आण्णा? दुसऱ्याच्या ताटात बघतेत लोकं, डोळ्यात न्हाई. आता नाथाच्या ध्यानात आलं की साऱ्या लहानपणात एकच जागा हुती जिथं दोघा भावांना अगदी सारखं दिसायचं, रेघेला रेघ, सावलीला सावली. ती म्हंजे ह्या पुस्तकाचं पान. त्यात रंग नव्हता म्हणून. अन् त्या पानात म्हैनाभर मान मोडून रंग कुणी भरला?

आता तुमचं येतं. मेंढरांना खूण आसती, ते तुमाला मी काय सांगू? आप्पारावची खूण तांबडी, पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वरच्या अंगाला. तुमची हिरवी, पर मानेवर. मानेवरची खूण झाडाझुडपाला घासून जाती म्हणून त्या वर्साला कातरण झाल्यावर तुमी ती बदललीत अन् पुठ्ठ्यावर घेतलीत. चूक न्हाई तुमची. तुमचा हिरवा, त्याचा तांबडा, कुणाला बी लांबून कळंल. धरणावर पाण्याला दोन्ही कळप एकत्र झाले. सुट्टी हुती म्हणून नाथा संगं हुता. बजरंग आपली मेंढरं वेगळी काढायला लागला अन् तुमच्यातली दोन त्यानं आपल्यात हाकली. आधी कधी चुकला नव्हता, कारण आधी मान बघायची अन् पुठ्ठा बघायचा, एवढंच काम हुतं. नाथा म्हणला, "दादा, ती हिरवी हायती. ती त्रिंबकमामाची." आता बघा आण्णा, ह्या एका वाक्यापाशी नाथा त्या दुपारी लई वेळ अडकून पडला. ते म्हणताना तो हसला हुता का? त्याला आठवंना. स्वतःचं तोंड कुणाला आठवतं? हसला आसल तर बजरंगाला वाटलं, झालं ह्याचं सुरू, हिरवा घोडा. नसल हसला, तर मंग भावानं त्याला चिडवतोय आसं कावून समजावं? बजरंगानं त्याच्या डोक्यात टपली मारली. "हिरवं तुजं डोस्कं." हसला, अन् मेंढरं हाकून निघाला. दुसऱ्या दिवशी बाजार. आप्पाराव म्हणला, दोन मेंढरं इकून ये. त्यानं नेमकी तुमची दोन इकली.

मंग तुमी आलात. ओट्यावर माणसं बसली. तुमी खांबाला टेकून बसलता, आठवतंय का? आप्पाराव म्हणला, "ढळढळीत हिरवा रंग. आंधळ्याला दिसल. अन् तुला आपली वाटली?" बजरंग म्हणला, "मला आपलीच वाटली, आप्पा." माणसं हसली. तवा आप्पारावनं नाथाला म्होरं बोलावलं. "तू हुतास ना संगं? तुला दिसला का रंग?" "दिसला." "मंग ह्याला सांगितलास?" "सांगितला." "ह्यानं काय केलं?" नाथानं बजरंगाकडं बघितलं. बजरंग त्याच्याकडं आसा बघत हुता, जसा पुस्तकातल्या पुढल्या पानाची वाट बघावी. "हसला," नाथा म्हणला, "अन् मला मारलं." त्यात एक बी शब्द खोटा नव्हता. तेच तर नाथाच्या काळजाला टोचतंय. खोटं आसतं तर माघारी घेता आलं आसतं. खऱ्याचं काय करायचं? आप्पारावनं आपल्या कळपातली चांगली बघून तुमची भरपाई केली. मंग उठला अन् साऱ्यांदेखत बजरंगाच्या हातातली काठी काढून घेतली. मारलं न्हाई, शिवी न्हाई. नुसती काठी काढून कोनाड्यात उभी केली. मेंढरं राखणाराच्या हातातली काठी बापानं काढून घ्यायची म्हंजे काय, ते आपल्यात सांगावं लागत न्हाई. बजरंग आठ दिवसांत ऊसतोडीच्या टोळीसंगं कडा गावाला गेला, तिथंच ऱ्हायला, तिथंच लगीन केलं. पालीत त्याचं नाव ऱ्हायलं ते मेंढीचोर.

ह्या समद्याच्या वर आणखी एक आठवण हुती, अन् नाथा ती बाजूला सारत हुता, पर ती सरकंना. आप्पाराव जायच्या आदल्या वर्साची. बजरंगाचा फोन आलता. त्यो सहसा करायचा न्हाई. "नाथा, रंगाचं एक इचारायचं हुतं तुला." नाथापुढं कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हुता, गिऱ्हाईक खुर्चीमागं उभं राहून पाय आपटीत हुतं. नाथाला वाटलं, घराला रंग द्यायचा आसल, कंचा डबा घेऊ म्हणून इचारतोय. म्हणला, "दादा, कामात हाय. नंतर करतो." "बरं," बजरंग म्हणला. नाथानं केला न्हाई. राहून गेलं. पुढल्या वर्साला आप्पाराव गेला. बजरंग मातीला आलता, लांब बाभळीपाशी उभा ऱ्हायला, अन् तिथनंच परत गेला, घरी पाणी प्यायला बी आला न्हाई. साखराबाई, त्यांची माय, दारात बसून त्या रस्त्याकडं बघत हुती. रंगाचं एक. आता त्या खोलीत नाथाला ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागले अन् तो खाली उतरून बाजारात गेला, उगीच. भाजीवाल्याच्या हातगाड्यावर टमाटे हुते, मिरच्या हुत्या, कोथिंबीर हुती. नाथा डोळे बारीक करून उभा ऱ्हायला. त्यानं मनातल्या मनात त्यातला तांबडा काढून बघितला, हिरवा काढून बघितला. भाजीवाली म्हणली, "भाऊ, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" चौकातल्या सिग्नलकडं त्यानं बघितलं अन् त्याच्या मनात आलं, ह्यातला कंचा पेटलाय ते दादा वरचा-खालचा बघून वळखत आसल. जिंदगीभर वरचा-खालचा बघून चालायचं, अन् कुणी खूण मानेवरची पुठ्ठ्यावर नेली की चोर व्हायचं.

परत येऊन त्यानं ते पान पुन्हा उघडलं. गवत फिकं केलं, उन्हात वाळायला लागलेलं वाटंल आसं. घोडा गडद केला. कडेनं उजेडाची बारीक रेघ दिली. बटण दाबलं. घोडा तिथंच हुता. मातकट का आसंना, पर ठळक, आख्खा, शेपटीसकट. आज कुणाला तरी काही दिलं आपण, आसं वाटलं त्याला. मॅडमला पाठवलं, त्या म्हणल्या, "अरे वा, घोडा काय उठून दिसतोय!" पुस्तक छापायला गेलं. नाथानं त्या पानाची मोठी कापी काढली, दांडक्याला गुंडाळली, अन् योगिताला म्हणला, कड्याला जाऊन येतो. योगिता म्हणली, "आवं, आधी फोन तरी करा भावजींना." नाथा चपला घालता घालता म्हणला, "फोन करायचा ऱ्हायला, त्याचंच तर झालंय हे समदं."

एस्टीत बसून साऱ्या वाटेनं त्यानं शब्द जुळवले. आधी पायाला हात लावायचा. मंग म्हणायचं, दादा, मला आता कळलं. मंग म्हणायचं, मी सांगतो समद्यांना, आपल्या आयला, त्रिंबकमामाला, समद्या पालीला. खिडकीतनं माळ मागं पळत हुता, मेंढरं दिसली की त्याची नजर आपोआप पुठ्ठ्यावर जायची. बजरंगाचं घर कारखान्याच्या अलीकडं, दोन खोल्यांचं, म्होरं लिंब. बजरंग शेळीच्या पायातलं काटं काढत बसलता. मिशा पांढऱ्या झाल्यात. वर बघून म्हणला, "आलास व्हय? पाणी पी आधी. उन्हाचा कशाला निघतोस, बे?" त्याची बायको, मनिषा, पाणी आणायला आत गेली. नाथा त्याच्याशेजारी उकिडवा बसला. पायाला हात लावायचा ऱ्हायला. हातात गुंडाळी हुती, ती त्यानं सोडली, मांडीवर पसरली, घोड्यावर बोट ठेवलं, अन् तोंडातनं काय निघालं, तर "दादा, ह्यो कंचा रंग? सांग बरं."

निघालं अन् नाथाला कळलं. तेच बोट. तोच आवाज, घोंगडीवरचा. साऱ्या वाटेनं जुळवलेलं एक बी आलं न्हाई, अन् हे न जुळवता आलं. मनिषा दारात तांब्या घेऊन थबकली. बजरंगानं चित्राकडं बघितलंच न्हाई, बोटाकडं बघितलं. शेळीनं पाय सोडवून घेतला.

"तू बी आलास का परीक्षा घ्यायला?" बजरंग म्हणला. रागानं न्हाई. "डॉक्टरनं आसंच बोट ठिवलं हुतं."

"कंचा डॉक्टर?"

"ट्रॅक्टरवर लागायचं हुतं मला. डोळे तपासून आण म्हणले. त्यानं एक पुस्तक काढलं, नुसत्या टिपक्या टिपक्यांचं. म्हणला, आकडा वाच. मला सांडलेली डाळ दिसली. पान उलटलं, पुन्हा डाळ. मंग म्हणला, बाबा, तुला लाल अन् हिरव्यातलं कळत न्हाई, आईच्या पोटातनंच न्हाई. ट्रॅक्टर गेला. मला ट्रॅक्टरचं काही वाटलं न्हाई, नाथा. मी बाहीर आलो अन् आधी तुला फोन लावला."

"रंगाचं एक इचारायचं हुतं म्हणलास."

"मंग काय म्हणू? चार लोकं हुती भवती. म्हणलं नाथाला सांगावं, त्यो आप्पाला सांगल. माजं आप्पानं ऐकलं नसतं. तुज्या तोंडून गेलती ती गोष्ट, तुज्याच तोंडून माघारी यावी."

"मंग पुन्हा कावून न्हाई केलास, दादा?"

"तू म्हणलास की, नंतर करतो." बजरंगानं शेळीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. "म्हणलं, करील."

आण्णा, नाथा म्हणतो, त्यानं मला शिव्या घातल्या आसत्या तर मी रडलो आसतो अन् मोकळा झालो आसतो. त्यो काटं काढत ऱ्हायला. मंग म्हणला, "बघू दे तुजं चित्र. लई नाव झालं म्हणं तुजं." हात सदऱ्याला पुसून त्यानं पान धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. नाथा म्हणला, "घोडा दिसतोय का?" "दिसतोय की. लांबनं दिसतोय." "तुज्यासाठी केलाय तसा. तुला दिसावा म्हणून." बजरंग बघत ऱ्हायला. मंग त्याचं बोट वर टेकाडाकडं गेलं. "आरं पर मंग ह्या पेंढाऱ्याला बी दिसल की. त्यो बघ, हिकडंच बघायलाय. मेला घोडा." अन् हसायला लागला, मिशा हलवून, खदाखदा, मनिषा बी तोंडाला पदर लावून हसली. नाथाला हसू आलं न्हाई. चित्र काढणारानं ज्याला लपवलं हुतं, त्याला ह्यानं उजेडात उभं केलं हुतं. पुस्तक छापून झालेलं. आता गावोगावची पोरं ते पान उघडतील अन् घोडा साऱ्यांना दिसंल, दुश्मनासकट, अन् तरी पुढल्या पानावर पेंढारी त्याला न बघता निघून जातील, आंधळ्यासारखे. कुणी इचारणार न्हाई, आसं कसं? दादानं मात्र एका नजरेत इचारलं.

गुंडाळीत खाली आणखी एक कागद हुता. रंग भरायच्या आधीचा, नुसत्या शाईचा. घेताना नाथानं कावून घेतला त्याला बी ठाव न्हाई. तो त्यानं वर काढून ठेवला. बजरंगाचं हसू थांबलं. "ह्यो आपला," तो म्हणला. अन् मंग लिंबाखाली दोघं आजोबा व्हायला आलेले भाऊ पालथे न्हाई पडले, तेवढंच. मांडीला मांडी लावून बसले. बजरंगानं बोट ठेवलं. "आता गप बस. नाकपुड्या दाबल्यात बघ त्यानं, फुरफुरू नये म्हणून. वाऱ्यानं गवत हाललं की घोड्याचं अंग बी त्याच्यासंगं हालतंय. त्यो वरचा म्हणतोय, हितंच कुठं तरी हाय. दुसरा म्हणतोय, काही न्हाई, नुसतं गवत हाय…" घोडा आला की त्याचा आवाज आपोआप बारीक व्हायचा, लहानपणी व्हायचा तसा, म्हंजे पेंढाऱ्यांनी ऐकू नये. नाथा म्हणतो, तेवढा वेळ मी अन् दादा एकच बघत हुतो. तेवढाच वेळ.

निघताना नाथा म्हणला, "पालीला चल, दादा. आय रोज रस्ता बघती." बजरंग एस्टीच्या फाट्यापर्यंत संगं चालला. एस्टी दिसली तवा म्हणला, "येईन. आयला सांग. पर एक ऐक. तू समद्यांना डोळ्याचं सांगशील, ते मला ठाव हाय. सांग, सांगू नको म्हणत न्हाई. पर मंग लोकं काय करतेत, तुला ठाव न्हाई. हितं कळलं तवापासनं जो येतो त्यो बोट दाखिवतो. ह्यो सदरा कंचा? ती बादली कंची? म्हातारी माणसं बी. चोर म्हणत हुते तवा निदान तोंड तरी फिरवून घ्यायचे, नाथा."

तर उद्या येतोय त्यो. साखराबाईनं सकाळपासनं अंगण सारवलंय, अन् कोनाड्यातली ती काठी काढून तेल लावून ठिवलीय. तुमचा चहा गार झाला बघा आण्णा, ऱ्हाऊ द्या, दुसरा सांगतो. डोळे पुसायला लाजू नका, हितं कोण हाय? माजं एकच मागणं हाय तुमच्याजवळ. उद्या त्यो एस्टीतनं उतरंल तवा तुमी थांब्यावर या. माफी बिफी मागत बसू नका, त्यालाच कसंनुसं होईल. अन् बोट दाखवून रंग तेवढा इचारू नका. त्याला तुमच्याजवळ बसवा, अन् म्हणा, बजरंगा, त्यो गवतातला घोडा दुश्मनाला कावून गावला न्हाई, ते मला बी सांग की रे.